शटरमागचा दिवा

बाजारातून आणलेला, बिननावाचा एलईडी बल्ब.

अण्णाजींचा रेडिओ. दिवसा गाणी, दिवेलागणीनंतर नुसती खरखर.

स्वीटीचा दम्याचा पंप, तिच्या ताईच्या, चंचलच्या खिशात.

गॅरेजचा रिमोट. सकाळी शहाणा, संध्याकाळी आडमुठा.

"उघडत काऊन नाई हे!" अण्णाजी बटण दाबून दाबून घामाघूम झाले. तीनदा सेल बदलले, तरी शटर ढिम्म! लपाछपीत छोटी स्वीटी गॅरेजमध्ये लपली होती, आणि आत न बघताच अण्णाजींनी रिमोटने शटर खाली आणलं होतं.

आतून खोकला. मग शिट्टीसारखा श्वास.

अण्णाजींनी फोन ठेवला. "मिस्त्री वर्ध्याहून निघाला. अर्धा तास लागते."

अर्धा तास! चंचलने बहिणीचा पंप मुठीत आवळला. शटरखाली केसाएवढी फट, त्यातून उजेडाची रेघ. अंधाराला घाबरून स्वीटीने आतला तो बिननावाचा बल्ब लावला होता.

बल्ब... खरखर...

"अमर, रेडिओ आण! पळ!"

"आता गाणे ऐकतं काय वं?" चुलतभाऊ ओरडला, पण पळाला.

रेडिओ शटरजवळ नेला, खरखर वाढली. दूर नेला, कमी झाली!

"रिमोटबी रेडिओसारखाच हवेतून हाक मारते," चंचल म्हणाली. "हा बल्ब कल्ला करून राह्यला, मोटरले हाक ऐकूच येत नाई! स्वीटी, दिवा बंद कर!"

"थांब!" घरातली थोरली, मोठी आई, कडाडली. "दिवेलागणीले दिवा विझवत नाईत!"

म्हणूनच रिमोट संध्याकाळी आडमुठा! रोज संध्याकाळी लावलेला तो बल्ब सकाळपर्यंत कोणी विझवतच नव्हतं.

"मोठी आई, मले मंग रागावजो!"

"ताई... अंधाराचं... भेव लागते..."

"मी मोजतो ना," चंचल म्हणाली. "दहाच्या आत शटर वर! एक... दोन... तीन..."

खट्! रेघ विझली.

"अण्णाजी, दाबा!"

घर्रर्र! शटर गुडघाभर वर येताच चंचल सरपटत आत घुसली. पंप तोंडाला. एक झुरका. दुसरा. शिट्टी हळूहळू थांबली.

अण्णाजींनी स्वतः तो बल्ब काढला. "चुकी माही होती. पोरीनं मिस्त्रीले मात देल्ली!" मोठी आईने कोनाड्यात निरांजन ठेवलं. "हे तं कल्ला करत नाई ना वं?"

दुसऱ्या दिवशी नवा बल्ब आला. अमरने तो आधी रेडिओजवळ धरून तपासला, मग मोटरपासून लांब बसवला.

स्वीटीला लपायला गॅरेज चंचलनेच सुचवलं होतं.