दुसरी बॅटरी

खुर्च्या जरा जवळ ओढा. आणि तो मोबाइल उलटा ठेव, उजेड डोळ्यांत जातोय. आता सांगतो ते कुठे वाचलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माणूस माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. सुतार आहे, दारं-कपाटं करतो, आणि आम्ही सगळे त्याला सुतारच म्हणतो. खोटं बोलण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर एका दुपारी सुतार आपला पिकअप घेऊन गाड्यांच्या वायरमनकडे गेला. पिकअपच्या हौद्यावर त्याने स्वतःच्या हाताने लाकडी खोली चढवली होती. आत गादी, बाजूला कप्पे, दोन्हीकडे काचेच्या खिडक्या, वर पक्कं छत. बाहेरगावी मुक्काम करायला एकदम झकास. फक्त आत रात्रभर वीज हवी होती.

"दुसरी बॅटरी टाकून दे," तो म्हणाला.

"काय चालवायचंय? टीव्ही?"

"आई."

वायरमनने मान वर करून पाहिलं. मग सुताराने नीट सांगितलं. आईची फुप्फुसं कामातून गेलेली. डब्याएवढं एक ऑक्सिजनचं मशीन, त्याची पातळ नळी नाकाशी लावलेली. आईने श्वास ओढला की मशीनला कळायचं आणि ते नळीतून एक फुंकर सोडायचं. श्वास, फुस्. श्वास, फुस्. श्वास नाही तर फुंकर नाही. मशीनच्या पोटात स्वतःची बॅटरी होती, पण म्हातारी. अर्ध्या तासात मान टाकायची. म्हणून आई तीन वर्षं एका खोलीत, भिंतीतल्या प्लगशेजारी पडून होती.

"दावणीची म्हैस झालेय मी," ती म्हणायची. "त्या पंख्याची पाती बघून बघून तोंडपाठ झाली. मरायच्या आधी एक रात्र उघड्यावर झोपव रे मला."

सुताराची बायको तयार नव्हती. "रात्री काही झालं तर तिथे कोण आहे?"

"काही होत नाही. दुसरी बॅटरी आहे ना."

आणि खरंच, वायरमनने काम चोख केलं होतं. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या भरायच्या. इंजिन बंद झालं की मधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, दोघींची फारकत करायचा. मागे काहीही चालवा, पुढच्या बॅटरीला त्याचा पत्ता नाही. सकाळी चावी मारली की गाडी सुरू. आत फळीवर एक छोटा दिवा बसवला होता. भरलेली असली की हिरवा, निम्म्यावर आली की पिवळा, संपत आली की लाल. सुताराने आधी दारातच रात्रभर मशीन चालवून पाहिलं. सकाळी दिवा हिरवा तो हिरवाच. मग बायकोही तयार झाली.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. अमावस्येची रात्र.

सुतार आईला घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर गेला. ते तसं लांब नाही. डांबरी संपून कच्चा रस्ता लागतो, तो झाडीतून उतरून पाण्याजवळच्या मोकळ्या जागेत थांबतो. तिथे चिटपाखरू नव्हतं. सुताराने खोलीचं मागचं दार सताड उघडलं आणि आईला उशांना टेकवून बसवलं. दोघांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली, थर्मासमधला चहा घेतला. आई कितीतरी वेळ वर बघत होती.

"एवढ्या असतात होय चांदण्या," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी पडून आहे तोवर कमी झाल्या असतील."

सुतार म्हणतो, आईला इतकं हसताना त्याने वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मग गारठा वाढला. त्याने दार लावलं, आईला पांघरूण घातलं, नळी नीट केली, आणि तिच्या पायांशी आडवा झाला. दिवा हिरवा होता. फुस्... फुस्... ऐकत त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा फळीवरचा उजेड पिवळा होता.

असं व्हायला नको होतं. एखादी वायर ढिली असेल, असं म्हणत तो उतरला, पुढे जाऊन त्याने इंजिन सुरू केलं. बराच वेळ चालू ठेवलं. मागे येऊन बघितलं, तर दिवा हिरवा. हायसं वाटलं. त्याने इंजिन बंद केलं, फिरून मागे आला, दार उघडलं.

पिवळा.

त्याने आतला बल्ब काढला. मोबाइलची वायर काढली. आता त्या बॅटरीवर मशीनशिवाय काहीही नव्हतं. तो अंधारात गुडघ्यांवर बसून राहिला आणि पहिल्यांदा नीट ऐकू लागला.

फुस्... फुस्.

मशीन घाईत होतं. आईला धाप लागली असेल म्हणून त्याने तिच्या छातीवर तळवा ठेवला. आई शांत झोपली होती. छाती हळूच वर आली. फुस्. खाली गेली. थांबली.

फुस्.

त्याला वाटलं, आपण झोपेत आहोत. पुन्हा तळवा ठेवला. छाती वर, फुस्. छाती खाली. मग काही नाही... आणि त्या काही नाहीमध्ये, फुस्.

आईच्या एका श्वासाला मशीन दोन फुंकरी सोडत होतं.

बिघाड असेल. असणारच. त्याने आईच्या नाकाजवळून नळी अलगद काढली आणि तिचं टोक आपल्या हातात, हवेत धरलं. आता फुंकर यायचं कारणच नव्हतं. तो वाट बघत राहिला. बोटांना गार वाटलं. फुंकरीचा गारवा नव्हता तो. उलटा होता. त्याच्या बोटांमधून कुणीतरी हवा आत ओढत होतं... सावकाश... लहान मूल पेल्यातलं शेवटचं पाणी ओढतं तसं.

फुस्.

आई घुसमटली. त्याने नळी परत लावली.

आता बघा, तो काय करणार होता? मशीन बंद करावं, तर आईचा श्वास बंद. चालू ठेवावं, तर शेजारी जे कुणी होतं त्याचाही चालू. एकाचं तोडून दुसऱ्याला देता येईल अशी ती नळीच नव्हती.

"आई," तो म्हणाला. "आई, ऊठ. घरी जाऊ."

आईने डोळे उघडले नाहीत. "हळू बोल," ती पुटपुटली. "त्याला आत्ता कुठे जमतंय."

"कुणाला?"

आईने पांघरुणाची कड शेजारी सारली.

"आई, कुणाला?"

"...गार पडलाय रे अगदी. राहू दे."

तो पुढे धावला. गाडी पळवायची. इंजिन चालू राहिलं तर बॅटरी भरत राहील, आई तगेल, हॉस्पिटलपर्यंत पोचू. त्याने चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. पुढच्या बॅटरीत जीव नव्हता. जिला धक्काही लागू नये म्हणून रिले बसवला होता, ती बॅटरी. मोबाइलला रेंज नव्हती. चालत वर रस्त्याला जावं, तर आईला इथे... त्याच्याबरोबर... एकटं सोडावं लागणार होतं. दोन पावलं गेला आणि परत आला.

दिवा लाल झाला होता.

सुतार देवधर्माचा माणूस नाही. पण त्याने आईच्या शेजारच्या रिकाम्या कोपऱ्यासमोर हात जोडले. "कोण असशील तो अस," तो म्हणाला. "ती म्हातारी आहे. तिला पुरू दे. माझं काय हवं ते घे."

फुस्... फुस्... फुस्.

मशीन बारीक आवाजात किणकिणलं. मग गप्प झालं, पोटातल्या म्हाताऱ्या बॅटरीसकट. लाल दिवाही गेला.

काळोख. त्याने आईला उठवून छातीशी धरलं, पाठ चोळत राहिला. दुसरं काही हातात नव्हतं. हातात काहीच नव्हतं. आईचा श्वास येत होता... तुटत होता... येत होता.

मग आला नाही.

तो हाका मारत राहिला. हलवत राहिला.

तेव्हा शेजारून, अंधारातून, एक लांब श्वास ओढला गेला. सावकाश. कुणी कुणाला करून दाखवावा तसा.

आणि आईने त्याच्या मागून श्वास घेतला.

मग पुन्हा शेजारून. मग आई. पुन्हा शेजारून. मग आई. फटफटेपर्यंत हेच. सुतार आईला धरून दोघांचे श्वास ऐकत बसला होता. हलला नाही, बोलला नाही. मध्येच चुकलं तर?

उजाडता उजाडता शेजारचा आवाज थांबला, आईचा श्वास चालू राहिला. भाजीचा एक टेम्पो वरच्या रस्त्याने चालला होता. सुताराने ओरडून त्याला थांबवलं. टेम्पोवाल्याने आईला उचलून आपल्या गाडीत घेतलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघितलं आणि म्हणाले, "बरी आहे की. रात्रभर मशीन नीट चाललं म्हणायचं." सुताराने मान हलवली. वायरमनने नंतर सगळं खोलून पाहिलं. रिले ठीक, वायरी ठीक. दोन्ही बॅटऱ्या मात्र पिळलेल्या लिंबासारख्या.

आईने त्या रात्रीबद्दल एकदाच तोंड उघडलं. सुताराने चार वेळा विचारल्यावर. "त्याला श्वास ओढताच येत नव्हता रे," ती म्हणाली. "मी घेतला की तो मागून घ्यायचा. मशीन थांबल्यावर तो घेत होता, मी मागून." एवढंच. उन्हाळ्याच्या तोंडावर आई गेली. आपल्या खोलीत, दुपारच्या झोपेत, सून शेजारी बसलेली असताना. शांतपणे गेली.

गाडी सुताराने विकली. विकण्याआधी हौद्यावरची खोली उतरवली, लाकूड दुसऱ्या कामाला वापरलं. खिडकीची काच तेवढी ठेवून दिली आहे, आईच्या शेजारून तो श्वास यायचा त्या बाजूची. ठेवली म्हणजे, टाकायची हिंमत झाली नाही. कारखान्यात मागच्या भिंतीला टेकवली आहे. परवा मी त्याच्याकडे पाट करायला टाकायला गेलो होतो, तेव्हा त्याने तिच्यावरचं पोतं बाजूला केलं.

काचेवर वाफेचा एक गोल होता. तळहाताएवढा. मी पुढून पुसला, गेला नाही. काच पुढे ओढून मागून पुसला, गेला नाही. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. गोल हळूहळू विरला.

मग काहीच नाही.

बराच वेळ काहीच नाही.

मग पुन्हा उमटला.