अर्धा तंबू

ए ईशान, तो फोन पालथा घाल आधी. आणि स्वानंदी, तू तिकडे दाराशी का बसली आहेस? मगापासून बघतोय मी. ज्ञानदा सोफ्यावर आली की तू खुर्चीवर. तू सोफ्यावर आलीस की ती किचनमध्ये. खिचडी वाढताना काकूनं मला डोळ्यांनी खूण केली की ह्या दोघींचं काहीतरी बिनसलंय. एका अपार्टमेंटमध्ये राहता आणि माझ्याकडे दोन वेगळ्या बसनी आलात. बरं, नका सांगू. मी विचारत नाही. मी आपला गिरीशबद्दल सांगतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधी डोक्यात ठेवा. अठ्ठावीस वर्षं इथं अमेरिकेत युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. केसाएवढा फरक पडला तरी मी तो पार्ट परत करतो. त्यामुळे मी जे सांगीन ते मोजून मापून सांगीन.

गिरीश साताऱ्याचा. मेकॅनिकलला पीएचडी करायला आला होता. तुमच्यासारखंच चौघांनी मिळून दोन बेडरूमचं घर घेतलं होतं. दोघांना खोल्या, आणि उरलेले दोघं हॉलमध्ये. हॉलच्या मधोमध दोरी बांधायची, तिच्यावर चादर टाकायची, की झाल्या दोन खोल्या. हसू नकोस ईशान, तूही त्यातच राहतोस. तर चादरीच्या ह्या बाजूला गिरीश आणि त्या बाजूला यश. दोघं एकाच कॉलेजचे, एकाच विमानानं आलेले. फ्रिजवर टाइमटेबल चिकटवलेलं, भांडी कुणाची, कचरा कुणाचा.

दोन हजार पंचवीसचा जानेवारी. अठरा तारीख, शनिवार. गिरीशचा सकाळी फोन आला. "काका, जाड पडदा कुठं मिळेल? तुमची गाडी लागेल." म्हटलं चल. गावाबाहेर रस्त्यावर एक शेतातलं घर होतं. म्हातारा मालक गेलेला, त्याची मुलगी घरातलं सगळं सामान काढून टाकत होती. अशा ठिकाणी पडदेबिडदे मिळतात, काकूचं निम्मं किचन तिथूनच आलंय.

मुलगी म्हणजे सत्तरीची बाई. मिस होस्टरमन. पडदे संपले होते. पण गॅरेजमध्ये एका खुंटीवर हिरवट खाकी कॅनव्हासची घडी होती. जाड, ताडपत्रीसारखी. गिरीशनं ती उलगडली. एका कडेला ओळीनं बटणं आणि काजं. मी मोजली, सवयच ती. नऊ. खालच्या कोपऱ्यात काळ्या शाईचा शिक्का. एच, आणि पुढं चार आकडे.

बाई म्हणाल्या, "हा तंबू आहे. अर्धा."

मला वाटलं फाटलाय. तर तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपायाला अख्खा तंबू मिळायचाच नाही. प्रत्येकाच्या पाठीवर अर्धं कापड, एक काठी, थोड्या खुंट्या. रात्री दोघांनी आपापली अर्धी कापडं आणायची, बटणं लावायची, की एक तंबू. त्यात दोघांनी झोपायचं, एकमेकांच्या उबेनं. एकट्याचं कापड काही कामाचं नाही. आडनावाचं पहिलं अक्षर आणि नंबर कापडावर छापायचा, म्हणजे कुणाचं कुठलं ते कळतं. एच म्हणजे होस्टरमन, बाईंचे वडील. त्यांचा जोडीदार डुगन नावाचा होता.

"बेल्जियममध्ये होते," बाई म्हणाल्या. "चव्वेचाळीसचा हिवाळा. गुडघाभर बर्फ. एका संध्याकाळी दोघांचं भांडण झालं. वडिलांनी आपलं कापड काढलं आणि शिपायांनी लपायला खणलेल्या दुसऱ्या खड्ड्यात जाऊन झोपले. सकाळी गेले तर डुगन गोठलेला होता. आपलं अर्धं कापड अंगावर घेऊन. बोटं काजावर होती. त्याला त्याच कापडात गुंडाळून तिथंच पुरलं."

मी विचारलं, भांडण कशावरून झालं होतं?

बाई म्हणाल्या, "तेच तर. वडिलांना शेवटपर्यंत आठवलं नाही. नव्वदाव्या वर्षीसुद्धा मला विचारायचे, कशावरून गं?"

मला तिथून निघावंसं वाटायला लागलं. गिरीशला मात्र कापड पसंत पडलं. बाईंनी फुकट दिलं. फक्त देताना म्हणाल्या, "वडील हे घडी करूनच ठेवायचे. बटणं आतल्या बाजूला. टांगू द्यायचे नाहीत." गिरीश थँक्यू म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

पडदा कशाला हवा होता ते त्यानं मला सांगितलंच नव्हतं. नाहीतर तिथंच कान धरला असता.

झालं असं होतं, की यशच्या आईचं डायलिसिस सुरू होतं. तिकडे सकाळ झाली की इकडे रात्री तिचा यशला फोन यायचा. रोज. चादरीच्या पलीकडून सगळं ऐकू यायचं. गिरीशची पीएचडीची क्वालिफायर परीक्षा तोंडावर आलेली. एका रात्री तो ओरडला, "आईच्या पदराखालून बाहेर ये आता, यार." बोलून गेला. यशनं फोन ठेवला, काही म्हणाला नाही. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. आठवडाभर एका हॉलमध्ये राहून एक शब्द नाही. आणि मग गिरीशनं चादर काढून तो कॅनव्हास दोरीवर टाकला. बटणांची कड वर दोरीवर, आणि सगळं कापड आपल्याच बाजूला खाली सोडलेलं. म्हणजे यशच्या बाजूनं फक्त कापडाची पाठ दिसत होती.

आता नीट ऐका. मंगळवार, एकवीस जानेवारी. अमावास्या नव्हती, काही नव्हतं. बाहेर उणे वीस. खोल्यांमधली दोघं पोरं लॅबमध्ये रात्र काढणार होती. घरात हे दोघंच. गिरीश कानात हेडफोन घालून पाठ फिरवून अभ्यास करत होता.

साडेअकराला त्यानं हेडफोन काढले, दिवा बंद केला, आडवा झाला.

पलीकडे अंधार. त्याला वाटलं, यश झोपला.

थोड्या वेळानं आवाज आला. बारीक. कापडाला कापड घासल्याचा. वर, दोरीपाशी.

मग टक्... असं काहीतरी. जाड काजात बटण बसावं तसं.

त्यानं डोळे उघडले. दोरी थोडी हलत होती.

त्याला वाटलं, यश काहीतरी उगाच करतोय. त्रास द्यायला. तो बोलला नाही. का बोलावं? अबोला होता ना.

पुन्हा घासल्याचा आवाज. बोटं चाचपडतायत, गारठलेली बोटं असतात तशी. सापडत नाही, पुन्हा शोधतायत. मग टक्.

दुसरं.

त्यानं उशी कानावर घेतली. तरी ऐकू येत होतं. तिसरं. मग बराच वेळ काही नाही... मग चौथं. प्रत्येक वेळी आवाज थोडा जवळ. त्याच्या पायांकडून डोक्याकडे येणारा.

"काका, मला राग येत होता," त्यानं मला नंतर सांगितलं. "भीती नाही. राग. मी मनात म्हणत होतो, बोल ना एकदाचा. सॉरी म्हण, शिवी दे, काहीतरी बोल. पण मी पहिला बोलणार नाही."

पाचवं. सहावं.

हीटर चालू होता. त्याची फुंकर ऐकू येत होती. तरीही कापडामधून गारवा यायला लागला. खिडकी उघडी टाकल्यासारखा. गिरीशनं हात लावला... आणि काढून घेतला. कापड कडक झालं होतं.

सातवं.

आठवं... त्याच्या डोक्याच्या अगदी वर.

मग थांबलं.

नववं बटण उरलं होतं. कापड ओढलं गेलं. सोडलं. पुन्हा ओढलं. जोरात नाही. पलीकडच्याला कड पुरत नव्हती. ह्या बाजूनं कुणीतरी धरायला हवं होतं.

तो ओढत होता.

आणि थांबत होता.

गिरीशनं उठून बसून, दहा दिवसांत पहिल्यांदा, हाक मारली. "यश?"

काही नाही.

"यश... यार..."

कापड तसंच ताणलेलं. कुणीतरी धरून ठेवलेलं.

तेवढ्यात पलीकडे फोन वाजला. यशचा. बारा वाजून दहा मिनिटं. वाजतच राहिला. गिरीशला माहीत होतं, त्या वेळेला फोन कुणाचा असतो ते. यश तो फोन कधीही वाजू देत नाही. झोपेत असला तरी पहिल्या रिंगला उचलतो.

फोन वाजून वाजून बंद झाला.

गिरीशनं कापड बाजूला सारलं.

पलीकडे कुणी नव्हतं.

त्यानं दिवा लावला. गादी रिकामी. फोनवर मिस्ड कॉल, "आई". खुर्चीवर यशचं जाडं जॅकेट. खुंटीवर किल्ली. गिरीश किचनमध्ये धावला. कचऱ्याची पिशवी जागेवर नव्हती. फ्रिजवर टाइमटेबल होतंच. मंगळवार, कचरा, गिरीश.

आलं ना लक्षात? पाळी गिरीशची होती. बोलायचं नाही म्हणून यशनं आठवण केली नाही, स्वतःच पिशवी उचलली. टी-शर्टवर. पायात स्लिपर. दोन मिनिटांचं काम, जॅकेट कशाला! तुम्ही सगळे हेच करता. मान खाली घालू नकोस ज्ञानदा, मीही केलंय.

गिरीश अनवाणी पळाला. पार्किंगच्या मागं तो कचऱ्याचा मोठा डंपस्टर. त्याच्या आड यश पडलेला. बर्फावरून पाय घसरून गुडघा निखळला होता. ओरडला असणार, पण असल्या थंडीत सगळ्यांच्या खिडक्या बंद. सव्वाअकराला गेला होता. म्हणजे पंचावन्न मिनिटं. उणे विसात, टी-शर्टवर.

तो एका कुशीवर होता, पाय पोटाशी घेतलेला. अंगावर पांघरलेलं काहीही नव्हतं. आणि जिवंत होता.

मला फोन आला पावणेएकला. मी इमर्जन्सीत पोचलो तेव्हा डॉक्टर पुन्हा पुन्हा वेळ विचारत होते. पंचावन्न मिनिटं? नक्की? निघाल्याची वेळ यशनं ॲम्ब्युलन्समध्ये पुटपुटून सांगितली होती, सापडल्याची वेळ म्हणून गिरीश यशच्या फोनमधला मिस्ड कॉल दाखवत होता. डॉक्टरांनी मान हलवली. दोन बोटांची टोकं पांढरी पडलीत, बाकी ठीक आहे म्हणाले. असं होत नाही, असंही म्हणाले.

मग यशला जाग आली. गिरीश त्याच्या कॉटला धरून रडत होता. "सॉरी यार, चुकलं माझं, आईवरून बोललो..." यश त्याच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

"तू आधीच आला होतास की."

गिरीशनं मान वर केली.

"माझ्या पाठीशी येऊन झोपलास. ती ताडपत्री घातलीस दोघांवर. मग कितीतरी वेळ बटणं लावत बसला होतास... तुझे हात फार गार होते." मग म्हणाला, "बोलत नव्हतास. मला वाटलं, अजून रागावलायस."

मी तिथं उभा होतो. माझ्या कानांनी ऐकलंय.

यशचे इन्शुरन्सचे कागद आणि कपडे आणायला मी आणि गिरीश परत घरी गेलो. सव्वातीन वाजले होते. दार गिरीशनं तसंच उघडं टाकलेलं. हॉलमधला दिवा चालू. गिरीश दारातच थांबला. माझा हात धरला त्यानं. तिशीकडे आलेला मुलगा, हात सोडेना.

दोरीवर कॅनव्हास होता. पण आता दोन्हीकडे होता. एक बाजू गिरीशच्या गादीकडे उतरलेली, एक बाजू यशच्या. मधे दोरी, तंबूच्या आढ्यासारखी.

मी जवळ गेलो. बटणं मोजली. आठ लावलेली. नववं उघडं.

मग गिरीश पुढं झाला. आपल्या बाजूची कड धरली. दोनदा निसटलं... तिसऱ्यांदा त्यानं ते बटण काजात घातलं.

काय गं, स्वानंदी? बस, बस तिच्याजवळ. सरक जरा ज्ञानदा, तिला जागा दे. ती शाल घ्या दोघींत.

संपलं नाही अजून. मी मोजणारा माणूस. मी वळसा घालून यशच्या बाजूला गेलो, वाकून खालचा कोपरा बघितला. पुसट काळी शाई होती. डी. आणि पुढं चार आकडे.

कडेच्या शिवणीत माती होती. मी नखानं खरवडून बघितली. ओली होती.