मुखड्याआधीचे अडतीस सेकंद

यात माझ्या पदरचं काही नाही. जसं घडलं तसं सांगतोय. पटलं तर पटलं.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. थोडं माझ्या डोळ्यांदेखत. आणि रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार होता, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. जागा म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावरचा स्टुडिओ. खाली दातांचा दवाखाना, शेजारी शिवणाचा क्लास. भर वस्ती.

ताई तिथे साउंड एडिटर आहे. गाण्यांची कंपनी आहे, जुन्या गाण्यांची साफसफाई करून ती नव्याने मोबाइलवर आणणं हे तिचं काम. खरखर काढायची, आवाज उजळायचा. गेल्या वर्षी साहेबांनी तिला साठ गाण्यांची यादी दिली आणि सांगितलं, "सुरुवातीचं म्यूझिक उडवा. थेट मुखड्यावर या."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. लोकांना दम निघत नाही हो. पाच सेकंदांत गळा ऐकू आला नाही की बोट पुढच्या गाण्यावर. तुमची ती व्हायोलिनं, बासऱ्या कोण ऐकत बसतंय?"

यादीत सतरावं गाणं तिच्या वडिलांचं होतं.

वडिलांचं म्हणजे त्यांनी लिहिलेलं नव्हे, गायलेलंही नव्हे. काका क्लॅरिनेट वाजवायचे. त्या गाण्याच्या सुरुवातीला अडतीस सेकंद नुसतं क्लॅरिनेट होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणाऱ्या बाईंना यायला उशीर झाला, संगीतकार वैतागून म्हणाले, "तोवर वाजवा रे कुणीतरी काहीतरी." काकांनी वाजवलं. संगीतकारांनी मान वर केली आणि म्हणाले, "हेच ठेवू या सुरुवातीला."

ठेवलं. गाणं गाजलं. लोक शब्द विसरायचे, पण ते अडतीस सेकंद गुणगुणायचे. तबकडीच्या वेष्टनावर मात्र तीन नावं. गायिकेचं, कवीचं, संगीतकाराचं.

काकांचं कुठेच नाही.

त्यावरून काका कधी भांडले नाहीत. "नाव काय करायचंय? वाजतंय ना?" एवढंच म्हणायचे. आयुष्यभर लोकांच्या मागे बसून वाजवलं त्यांनी. स्वतःचं म्हणून दाखवण्यासारखं हे एकच होतं.

ताईने सतरावं गाणं उघडलं. साहेबांकडे जाऊन "हे एक राहू द्या" म्हणायला तिला एक मिनिट लागलं असतं. पण त्या महिन्यात तिला विभागप्रमुख करायचं चाललं होतं, आणि बापासाठी रदबदली करणारी बाई म्हणून तिला साहेबांसमोर उभं राहायचं नव्हतं.

तिने अडतीस सेकंद निवडले. कळ दाबली.

संध्याकाळी घरी जाऊन बापाच्या शेजारी बसून जेवली. बोलली काहीच नाही.

महिन्याभराने काका डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरांकडे बरीच माणसं बसलेली. कोपऱ्यातल्या स्पीकरवर गाणी चाललेली. निवेदिकेने त्या गाण्याचं नाव घेतलं आणि काका सावरून बसले. शेजारच्या अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता ऐका हं. हे मी वाजवलंय."

आणि बोट वर केलं...

थेट बाईंचा आवाज. मुखडा.

तो माणूस थोडा वेळ थांबला. मग हसून म्हणाला, "आजोबा, तुमचं वाजवणं कुठाय?"

काका डोळे न तपासताच घरी आले. ताई कामावरून येईपर्यंत दारातल्या खुर्चीवर बसून होते.

"सुरुवात कुठे गेली गं?"

ताईने चपला काढता काढता सांगितलं, "जुनी टेप खराब झाली होती बाबा. तेवढाच भाग गेला."

"तेवढाच?"

"हो."

"बरं," काका म्हणाले.

त्या रात्री त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पुसले, पेटीत ठेवले. पुन्हा पेटीला हात लावला नाही. एकोणिसाव्या दिवशी दुपारी खुर्चीतच गेले.

ताई पंधरा दिवसांनी कामावर रुजू झाली. आता विभागप्रमुख म्हणून. तो मंगळवार इथे येतो.

साहेब तिच्या टेबलाशी आले. "त्या सतराव्या गाण्याचं काय करून ठेवलंय तुम्ही? सुरुवातीला आवाजच नाही. लोक तक्रारी करतायत."

ताईने फाइल उघडली. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ असते. आवाज असेल तिथे ती फुगते, नसेल तिथे सपाट.

सुरुवातीला रेघ सपाट होती.

किती वेळ, ते तिने मोजलं. अडतीस सेकंद.

तिला वाटलं, आपलीच चूक. घाईत कापलं असेल, मोकळी जागा तशीच राहिली असेल. तिने ती जागा काढून टाकली, गाणं तपासलं, पाठवलं. बुधवारी सकाळी येऊन बघते तर...

अडतीस सेकंद. सपाट.

पुन्हा काढले. गुरुवारी पुन्हा होते.

तेव्हा तिने दार लावलं, हेडफोन चढवले आणि आवाज पूर्ण वाढवून ती शांतता ऐकली. आधी काहीच नाही. मग...

टप.

टप टप.

ताईने हेडफोन कानांवर दाबले. वाजवण्याआधी काका रीड, म्हणजे तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी, जिभेने ओली करायचे आणि चाव्या नुसत्याच दाबून बघायचे. अगदी असाच आवाज यायचा. लहानपणी ती या आवाजाने जागी व्हायची.

मग श्वास आत ओढल्याचा आवाज आला. लांब. वाजवणारा माणूस घेतो तसा.

तो श्वास बाहेर आलाच नाही. बाईंनी मुखडा सुरू केला.

ताई तशीच उठून मूळ फाइल शोधायला गेली. कापलेली नव्हे, टेपवरून जशीच्या तशी उतरवलेली. तिला ते अडतीस सेकंद परत जोडायचे होते. साहेब काय म्हणतील ते म्हणोत. मूळ फाइल सापडली. उघडली.

रेघ सपाट.

साहेबांच्या कपाटात दुसरी प्रत होती. तीही सपाट. टेप मागितली तर कळलं की टेपा कधीच भंगारात गेल्या.

तिने मला फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता. "तुझ्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे ना? घेऊन घरी ये. आत्ताच्या आत्ता."

मी गेलो. दुपारचे चार वाजले असतील. काकांच्या कपाटात ती तबकडी होती, मऊ फडक्यात गुंडाळलेली. मावशी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. ताईने मला सगळं भराभर सांगितलं. खरं सांगतो, मला वाटलं दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मी सुई ठेवली.

खरखर... खरखर... आणि काही नाही. चाळीस वर्षांपूर्वीची तबकडी. तिला कोण कापणार?

ताई माझ्याकडे बघत होती. मी घड्याळाकडे.

टप... टप टप.

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तबकडीतून आलं की आतल्या खोलीतून, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मावशी दारात आली. हातात फडकं. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, वाजवा ना. थांबलात का?"

श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

आणि ताई ओरडली, "बाबा, मी कापलं! टेप खराब नव्हती झाली. मीच कापलं!"

खोलीत काही हललं नाही. तबकडी फिरत होती. अडतीस सेकंद होऊन गेले होते, पण बाईंचा आवाज आला नाही. पन्नास. साठ. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे होतो. कुणीतरी चौथंही...

मग मावशी म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

ताईने वळून बघितलं.

"तू टेपचं सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू कामावर गेल्यावर शेजारच्यांच्या मोबाइलवर गाणं लावून घेतलं होतं त्यांनी. खाली नावं येतात ना, कुणी काय केलं त्याची. शेजारच्यांनी वाचून दाखवली. संपादन म्हणून तुझं नाव होतं." मावशीने फडक्याची घडी घातली. "मला म्हणाले, बघ, आपल्या घरातलं कुणाचं तरी नाव आलं एकदाचं. मला वाटलं कौतुकाने म्हणतायत. तोंड बघितलं तेव्हा कळलं."

ताईने खुर्चीकडे बघितलं.

त्याच वेळी बाईंनी मुखडा सुरू केला. मी धावत जाऊन सुई उचलली.

नंतर ताईने कपाटातून पेटी काढली. महिनाभर कुणी उघडली नव्हती, कड्यांवर धूळ होती. आत सगळे तुकडे जागच्या जागी. तिने रीडवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग मी बोट लावून बघितलं.

रीड ओली होती.

पेटी आम्ही बंद केली. मावशीने चहा टाकला, तो आम्ही प्यायलो. दुसरं करणार तरी काय?

हे सगळं मनाचे खेळ, असं मी स्वतःला समजावलं असतं. पण जाताना जिन्यात माझ्या लक्षात आलं की मला ती धून आठवत नाहीये. लहानपणापासून हजारदा ऐकलेली. मी तोंड उघडायचो आणि थेट मुखडाच बाहेर पडायचा. ताईला फोन केला. तिलाही येत नव्हती. ज्यांच्याकडे म्हणून ते गाणं होतं, त्या चार-पाच ओळखीच्यांना मी ऐकायला लावलं. सगळ्यांकडे सुरुवातीला तेवढीच शांतता. एक जण म्हणाला, "ते पहिल्यापासूनच तसं आहे की. तबकडीतच दोष आहे."

ताईने नोकरी सोडली नाही. सोडेल असं मला वाटलं होतं. विचारलं तर म्हणाली, "आता सोडून काय उपयोग?" नवीन गाणी हल्ली कापावीच लागत नाहीत म्हणे. बनवणारे मुखड्यापासूनच बनवतात.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मागच्या आठवड्यात मी त्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलेल्या एका म्हाताऱ्या वादकाला शोधून काढलं. वय झालंय, पण डोकं लख्ख. त्यांना तरी ती धून येत असेल, ही आशा. त्यांनी सगळी बैठक बोटावर मोजून दाखवली. "डावीकडे आम्ही चौघं व्हायोलिनवाले, पलीकडे तबला, काचेजवळ बासरीवाला." बाईंना उशीर झाला होता तेही सांगितलं.

"आणि क्लॅरिनेट?" मी विचारलं.

"त्या गाण्यात क्लॅरिनेट नव्हतंच."

"माझे काका होते. सुरुवातीला त्यांनीच..."

"अहो, मी होतो ना तिथे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती दिवसभर. आम्ही त्यावर कोट ठेवले होते." मग त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "बाईंना उशीर झाला तेव्हा आम्ही सगळे गप्प बसून होतो. चांगलं आठवतंय मला. कुणीच काही वाजवलं नाही."

मी घरी आलो. डोकं भणभणत होतं. पुरावा हवा म्हणून मावशीला फोन लावला.

"मावशी, काकांचा वाजवतानाचा एखादा फोटो आहे का गं?"



"काय वाजवतानाचा?" तिने विचारलं.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा विचारलं.

"नाही रे बाबा," ती हसून म्हणाली. "तुझ्या काकांना कुठलं वाजवता येत होतं?"

मी तब्येतीचं काहीतरी विचारून फोन ठेवला.

ताईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. चार वेळा तिचा नंबर काढला आणि परत ठेवून दिला. काका वाजवायचे हे तिला तरी आठवतंय का, हे विचारायची माझी छाती होत नाही.