दुपारच्या खेळाची साक्ष

शेजारणीचा फोन सव्वापाचला आला. निरीक्षक पोचले तेव्हा म्हातारी पलंगावर निपचित होती. ओठ निळसर, उशी जमिनीवर. हातातल्या बांगड्या जागच्या जागी. दार कुणी फोडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चारच्या सुमारास गुदमरून गेली.

मुलगी कोपऱ्यात बसली होती. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तीच करायची.

“दुपारी कुठे होतात?”

“थिएटरात. दर रविवारी जुना ब्लॅक अँड व्हाइट भयपट लागतो. पाचला घरी आले, तर हे असं. मग शेजारी हाक मारली.”

“सिनेमा पूर्ण पाहिलात?”

“शेवटपर्यंत. आरशापुढची बाई शेवटी किंकाळी फोडते ना, आजही दचकले.”

तिने अर्धं फाडलेलं तिकीट दाखवलं. ते आजचंच होतं.

निरीक्षक थिएटरात गेले. ऑपरेटर तिला ओळखत होता.

“ताई एक रविवार चुकवत नाहीत.”

“आजचा खेळ कसा झाला?”

“काय सांगू साहेब, मध्यंतरानंतर आवाजच गेला, तो शेवटपर्यंत आला नाही. वाटलं, लोक खुर्च्या मोडतील. पण सगळे चिडीचूप. मुक्या पडद्याकडे बघत बसले. एवढी भीती मलाही कधी वाटली नव्हती.”

सातला निरीक्षक परत त्या खोलीत आले. प्रेत हलवलं होतं.

“ताई, आज ती किंकाळी कुणालाच ऐकू आली नाही. उत्तरार्ध मुका होता. तुम्ही आधी ऐकलेली सांगितलीत. मध्यंतराला निघालात, चारला उशी उचललीत, आणि खेळ सुटायच्या वेळेपर्यंत इथेच थांबलात.”

तिने नाकारलं नाही.

“असले सिनेमे का बघायचात?”

“तिथली भीती संपते. दिवे लागतात. आणि रक्त काळं दिसतं. बघवतं.”

“आईनेच सुटका मागितली होती का?” निरीक्षकांना ‘हो’ ऐकायचं होतं.

“नाही. ती जागी झाली. माझं मनगट घट्ट धरलं. तिला जगायचं होतं.”

“मग?”

“वाटलं, नंतर मोकळं वाटेल. नाही वाटलं.”

“चला.”

ती उठली. पण दाराकडे जायच्या ऐवजी सवयीने पलंगाशी गेली, आईची कूस बदलायला वाकली, आणि हात रिकाम्या चादरीवर टेकवून तशीच उभी राहिली.