आधीच आलेली हाक

भूगोलाच्या बाईंनी एकोणीस वर्षं फळ्यावर चुनखडीची घळ काढली होती. प्रत्यक्ष पाहिली ती आज. शनिवारची सुट्टी, पाठीवर सॅक, पायात कोरे करकरीत बूट, आणि सोबतीला कोणीही नाही. दोन्ही बाजूंना सरळसोट पांढरट कडे, तळाशी पोपटी पाणी, कड्यांच्या पोटात नदीनं कोरलेले गुळगुळीत कोनाडे. दर वळणाला बाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघत होतं.

घळ अगदी अरुंद झाली तिथं त्यांना राहवेना. "ओ!" त्या ओरडल्या.

"ओ!" कड्यानं परत केलं.

खूश होऊन त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि एक शब्दही फुटायच्या आत समोरून त्यांचाच आवाज आला, "ऐकू येतंय का?"

त्या हेच विचारणार होत्या.

घाबरायचं सोडून बाईंना स्फुरणच चढलं. वर्गात प्रयोग करतात तसा त्यांनी मनात एक आकडा धरला.

"सत्तेचाळीस," कडा म्हणाला.

"सत्तेचाळीस!" बाई मागून ओरडल्या. चारदा करून पाहिलं. चारही वेळा आवाज आधी, बाई नंतर. अंगावर काटा होता, तरी हसू आवरेना. वेळा त्यांनी वहीत टिपल्या. अक्षर वेडंवाकडं आलं.

पुढच्या वळणावर आवाज किंचाळला, "आई गं!"

बाईंचा उचललेला पाय हवेतच थांबला. तो ज्या दगडावर पडणार होता, तो निसटून धाडकन पाण्यात गेला.

"आई गं!" बाई किंचाळल्या.

घळीच्या तोंडाशी, लख्ख उन्हात येईपर्यंत त्यांचं काळीज धडधडत होतं. भीतीनं की आनंदानं, त्यांनाच सांगता आलं नसतं. त्यांनी लेकीला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"आई, थापा मारू नकोस," लेक हसली. "पुढच्या शनिवारी मी पण येते. बघूच."

"ये ना, ठके! दोघी जाऊ."

फोन बंद केला. नदीचा खळखळाट तेवढा राहिला.

मग आत, खूप खोलवरून, त्यांचा आवाज उठला. दमलेला, घसा बसलेला.

"ठके... ए ठके..."

बाईंचं तोंड मिटलेलं होतं.

मध्ये मध्ये तो आवाज थांबत होता, उत्तराची वाट बघितल्यासारखा.