पहाटसाखर

देहवाचक यंत्राच्या खुर्चीत बसण्याआधी मंदाकिनी सरनोबत यांनी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. छप्पन्न वर्षांच्या या बाईंनी आयुष्यभर जमिनीला भोकं पाडली होती. लडाखच्या गोठलेल्या मातीखालून त्यांनी पाणी वर आणलं होतं आणि आता त्यांना चंद्राला भोक पाडायचं होतं. दक्षिण ध्रुवाजवळच्या चांद्रतळासाठी बर्फ खणून पाणी काढायचं काम त्यांच्याकडे जवळजवळ आलंच होतं. राहिली होती ती फक्त वार्षिक आरोग्य तपासणी, आणि तिची त्यांना काडीची भीती नव्हती.

"उपवास केलात ना, मॅडम?" डॉ. इरफान पटवेगारांनी विचारलं. कोल्हापूरच्या या अंतराळ वैद्यक केंद्रात देहवाचकाचं काम तेच बघत.

"केला की," मंदाकिनीबाई म्हणाल्या, पण जरा उशिरा.

तपासणी नेहमीचीच होती. खुर्चीने वजन घेतलं, हातपट्टीने रक्तदाब मोजला, समोरच्या काचेवर अक्षरं लहान लहान होत गेली, कानात बारीक शिट्ट्या वाजल्या. मग पटवेगारांनी प्रश्न विचारले. झोप लागते का, धाप लागते का, मन उदास असतं का, कुठली लस राहिली आहे का. दंडाला चिमटा बसला, रक्ताचे चार थेंब यंत्रात गेले. बाई आरामात खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेवढ्यात काच तांबडी झाली.

पटवेगारांनी आकडा पाहिला आणि ते संचालकांना बोलवायला गेले.

संचालक म्हणजे डॉ. विद्याधर कानिटकर. देहवाचक त्यांनीच घडवलेला आणि त्यातली मराठीही त्यांचीच. यंत्रातला एकही शब्द त्यांनी उसना घेतला नव्हता आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला ऐकवत. ते आले, त्यांनी काच पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"उपवासाची साखर चौऱ्याऐंशी," पटवेगार म्हणाले. "दरवर्षी एकशे अठराच्या आसपास असते."

"मग कमी झाली हे चांगलंच की!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"दुसऱ्या कुणाची असती तर मी पेढे मागितले असते," कानिटकर म्हणाले. "पण हे यंत्र तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी करत नाही. शंभर माणसांची सरासरी काढून तिला निरोगी म्हणायचं, हा जुना प्रकार. आम्ही तुम्हाला तुमच्याच मागच्या वर्षांशी ताडून बघतो. त्याला आम्ही स्वमान म्हणतो. एखाद्याचा रक्तदाब पुस्तकात बसणारा असेल, पण त्याच्या स्वतःच्या मानाने तो एकदम चढला असेल, तर आजार तिथे सुरू झालेला असतो."

"आणि माझं स्वमान एकशे अठरा."

"हो. ती तुमची पहाटसाखर."

पहाटसाखर हा कानिटकरांचा मानाचा तुरा. महाराष्ट्रातल्या लाखो तपासण्यांत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर उत्तम, पण तपासणीच्या सकाळची मात्र चढलेली. मराठी शरीर पहाटे साखर उचलतं, कामाला लवकर जुंपून घेतं, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि तो जगभर गाजला. त्यांची स्वतःची साखर सकाळी कधीच चढत नसे. पण मी अपवाद, असं सांगून ते मोकळे होत.

"एका वर्षात चौतीस अंकांनी घसरण म्हणजे स्वादुपिंडात गाठ असू शकते," पटवेगार हलकेच म्हणाले. "कारण सापडेपर्यंत उड्डाणाला परवानगी देता येणार नाही."

मंदाकिनीबाईंना गाठीची भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते चंद्र हातचा जाण्याचं. इतकी वर्षं ज्या शरीराचा अभिमान बाळगला, तेच ऐन वेळी उलटलं होतं.

"वर्षभरात काही बदललं का?" पटवेगारांनी विचारलं. "औषध, व्यायाम, जेवण, काहीही?"

"काही नाही." मग बाई मान खाली घालून म्हणाल्या, "खोटं बोलले मी, डॉक्टर. आज माझा उपास झालाच नाही."

"म्हणजे खाऊन आलात?"

"छे हो! साबुदाणा भिजवायचाच राहिला रात्री. सकाळी बघते तर कोरडा ठणठणीत. मग काय करणार, तशीच उपाशी आले."

कानिटकरांनी शेजारची खुर्ची ओढली.

"एरवी," पटवेगारांनी सावकाश विचारलं, "तपासणीच्या सकाळी तुम्ही..."

"खिचडी. वाटीभर दही. उपास करून या असं तुम्हीच लिहिता की! मी एकाही वर्षी चुकवला नाही. दाण्याचं कूटसुद्धा मापाने घालते, दरवर्षी तेवढंच."

"आमच्याकडे रोजा म्हणजे पाण्याचा थेंबही नाही," पटवेगार म्हणाले. "मला हे सुचलंच नसतं." त्यांनी कानिटकरांकडे पाहिलं. "सर, 'उपाशीपोटी या' असं का नाही लिहिलं आपण?"

कानिटकर खुर्चीत बसले होते. "उपाशी या शब्दाला दारिद्र्याचा वास येतो, असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "उपवास कसा भारदस्त वाटला. मी स्वतः उपासतापास करत नाही, म्हणून फराळ मला सुचलाच नाही; तपासणीला मी नुसता चहाही न घेता येत होतो." मग ते पटवेगारांकडे वळले. "इरफान, पहाटसाखर मराठी शरीरात नाहीच. ती साबुदाण्यात आहे."

हसावं की रडावं, पटवेगारांना कळेना. मंदाकिनीबाईंना मात्र एकच प्रश्न होता.

"मग माझी गाठ?"

"आजच्या आकड्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण नियमाप्रमाणे तुलनेला तुमची जुनी वर्षं लागतात, आणि ती सगळी खिचडीची."

"तर मग खिचडीचीच मोजा," बाई ताठ बसल्या. "उद्या सकाळी येते. माझं शरीर तेच असेल तर आकडाही तोच यायला पाहिजे. तुमचंच शास्त्र आहे ना हे?"

कानिटकरांनी मान वर केली. कितीतरी वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

दुसऱ्या दिवशी बाई खिचडी खाऊन आल्या आणि दोघांसाठी डबाही घेऊन आल्या. रक्ताचे चार थेंब यंत्रात गेले. काच हिरवी झाली. एकशे सतरा.

"तोच घास, तेवढाच भार, आणि इतक्या वर्षांत शरीराने तो तसाच पेलला," पटवेगार म्हणाले. "नुसत्या रिकाम्या पोटाच्या मोजणीतून हे दिसतच नाही. चंद्रावर जाणाऱ्यांत इतका पक्का पुरावा दुसऱ्या कुणाकडे नाही, मॅडम."

"यंत्र बरोबर होतं," कानिटकर म्हणाले. "बाई खाऊन आल्या नाहीत, हे त्याला पहिल्या फटक्यात कळलं. चुकलो ते आपण." आपला मानाचा तुरा आपल्या हाताने उतरवताना त्यांना वाईट वाटलं, हे लपलं नाही. पण यंत्राबद्दलचा अभिमान त्याहून मोठा होता. त्यांनी मंदाकिनीबाईंच्या उड्डाणाला मंजुरी दिली आणि मग डबा उघडला.

"एक मात्र आहे," पहिला घास घेऊन ते म्हणाले. "स्वमान मोडून चालणार नाही. पुढची तपासणी चांद्रतळावर होईल, आणि तीही अशीच व्हायला हवी."

म्हणून चांद्रतळाच्या सामानात साबुदाणा, दाण्याचं कूट आणि सुकवलेलं दही चढलं. पण तिथे वापरलेलं पाणीच गाळून गाळून पुन्हा प्यायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी ठरलेलं. भिजवणीला देण्याइतकं पाणी कुणाकडेच नव्हतं.

तपासणीची तारीख जवळ आली त्या आठवड्यात मंदाकिनीबाईंचं वेधनयंत्र चंद्रावरच्या कायमच्या सावलीतल्या बर्फापर्यंत खणत पोचलं. पहिला बर्फ वितळला, गाळला गेला, पारखला गेला. बाटलीभर स्वच्छ पाणी टेबलावर आलं तेव्हा तळावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पाण्याचं काय करायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळच्या वेळेला पडद्यावर कोल्हापूर आलं. कानिटकर आणि पटवेगार शेजारी शेजारी बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर नवी पाटी दिसत होती : तपासणीला उपाशीपोटी यावे.

"मॅडम," पटवेगारांनी विचारलं, "उपवास केलात ना?"

प्रश्न चंद्रावर पोचायला क्षणभर लागला. मंदाकिनीबाईंनी रिकामी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. तळाशी दाण्याचं कूट चिकटलेलं होतं.

"केला," त्या म्हणाल्या. "माझ्या पाण्यावर."