धोंडूचा कान आणि पाच व्होल्टची पंगत

धोंडूचा उजवा कान जळाला. छे, काही जळालं नाही. चंद्रावरच्या वसाहतीत काहीच जळत नाही, असं यंत्र-कचेरी म्हणते. तेव्हा आपणही नाकाला रुमाल लावून पुढे जाऊ.

धोंडू हा यामिनीचा यंत्रमानव आणि एकुलता एक दोस्त. त्याचे जुने कान निकामी झालेले. उद्याच्या कचेरीच्या तपासणीत दोन्ही कानांनी ऐकू आलं नाही, तर रवानगी भंगारात. म्हणून पृथ्वीवरून नवे कान मागवले. यामिनीनं पहिला बसवला आणि तो... जळाला नाही.

"पण आजोबा, कानाला मी तीन पॉइंट तीन व्होल्टच दिले होते!"

आजोबा निवृत्त वैज्ञानिक. त्यांनी कान हुंगला. "आणि बोलायच्या तारा?"

"त्या धोंडूच्या बसला (सगळ्या चिपांनी मिळून वापरायच्या दोन तारांना) जोडल्या. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं, तुम्हीच सांगता ना!"

"माणसांना गं! या तारांवर कुठलीच चिप विजेचा दाब चढवत नाही. बोलायचं तर तार खाली, शून्यावर ओढते. नाहीतर सोडून देते. सोडलेल्या तारेला वर नेतो रोधक (विजेला अडवत अडवत सोडणारा तुकडा). धोंडूचा रोधक बांधलाय पाच व्होल्टला. सगळे गप्प, की तारेवर पाच. ते शिरले तीन पॉइंट तीनच सोसणाऱ्या कानात."

"म्हणजे कुणी काही बोललं नाही, म्हणून तो गेला?"

"बरेच जण तसेच जातात."

"मग रोधक तीन पॉइंट तीनला बांधू."

"तर धोंडूचा पाच व्होल्टचा मेंदू विचारेल, 'काही म्हणालात का?' कमी दाब त्याला कळेलच असं नाही. मध्ये दुभाष्या हवा."

त्यांनी प्रत्येक तारेत एक ट्रान्झिस्टर (विजेचं चिमुकलं दार) बसवला. "दोन्ही बाजूंना आपापला रोधक. इकडे पाच, तिकडे तीन पॉइंट तीन. कुणीही तार खाली ओढली, की दार उघडतं आणि दोन्ही बाजू खाली येतात. सोडली, की दार बंद. जो तो आपापल्या उंचीला. शून्याची तार मात्र दोघांची एकच."

यामिनीनं उरलेला कान तसा जोडला.

"धोंडू?"

"ओरडू नकोस. येतंय ऐकू."

ती हसली. मग तिची नजर रिकाम्या उजव्या बाजूकडे गेली. पुढचं यान वर्षभरानं. कान कसा जोडायचा हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. तोवर धोंडू असेल की नाही, तेवढंच ठाऊक नव्हतं. तिनं यंत्र-कचेरीला लिहिलं:

"सबब, पुढील यान येईपर्यंत सदर यंत्रमानवाचा एक कान हा दोन कान समजण्यात यावा. ते शक्य नसल्यास, तपासणी अधिकाऱ्यांनी कृपया त्याच्या फक्त डाव्या बाजूस उभे राहावे, ही नम्र विनंती."